खंडूनं मागून धरलं

ऐका. जवळ सरका. शिरपा, तू बायकोच्या पदराआड नको सरकू. भूत पदर उचलून बघतं.

तर आपला नारबा कासार. दिवेलागण उलटल्यावर सायकलवर टांग मारून निघाला. खाली करंजवाडीत पवारांच्या शेवंताची हळद खोळंबलेली. हिरवा चुडा भरल्याशिवाय हळद लागायची कशी? आणि हा बाबा दुपारभर बाजारात पत्ते कुटत बसलेला. नव्या रस्त्यानं लांबचा वळसा. म्हणून शिरला जुन्या घाटात. तोच, दरड कोसळल्यापासून बंद पडलेला. म्हणाला, "माती पडली असंल थोडी. सायकल काय, कुठूनबी निघती." आडवे लावलेले दगड ओलांडले आणि सुटला.

सायकलला दिवा डायनामोचा. चाक पळेल तेवढा उजेड; हळू झाला की अंधार. म्हणून गडी उतारावर पळवतोय. डांबर उखडलेलं, मधेच घाणेरी माजलेली, आणि मागं कॅरियरवर बांगड्यांची पेटी किणकिण, किणकिण.

मागून हाक आली. "नारबा, थांब."

आता शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, भुताला तीनदा हाक मारता येत नाही. तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही. नारबानं ओ दिली नाही. आणखी जोरात पायडल मारलं.

मग मागं कुणी बसावं तशी सायकल जड झाली. किणकिण बंद. नारबा उभा राहून रेटतोय. मग चेन उतरली. पाय नुसते गरागरा, पण उतार कुठं सोडतोय? सायकल पळतेच आहे. मग मागून असा हिसडा बसला, की चाक जागच्या जागी थिजलं. दिवा गेला. डोळ्यात बोट घातलं तरी दिसेना असा काळोख.

नारबा रडकुंडीला आला. "सोड रं बाबा. पोरीची हळद अडलीय."

कानाशी आवाज आला, "म्हणून तर धरलंय, गाढवा. तीन हाका मारायला सवड कुठं दिलीस? काडी ओढ."

काडी ओढली. पुढच्या चाकाखाली रस्ताच नाही. दरडीबरोबर सगळा दरीत गेलेला.

आवाज त्यानं आत्ता ओळखला. खंडू मैलकुली. जन्मभर याच रस्त्याचे खड्डे बुजवले, आणि दरड आली तेव्हा हाच खाली सापडला.

"खंडूदादा," म्हणत नारबानं हात जोडले.

"पाया मागनं पड. वरच्या अंगाला गुरांची वाट हाय. सायकल खांद्यावर घे, आन् पेटी सांभाळ."

शेवंताचा चुडा भरला, हळद लागली. पेटीतली एकसुद्धा बांगडी वाढली नव्हती. घाटाच्या तोंडाशी आला की नारबा अजून सायकलवरून उतरतो, खंडूला हात जोडतो, आणि नव्या रस्त्यानं लांबून जातो.

तुम्हीबी लांबूनच जा. भुताला भिऊन नव्हे, शिरपा, त्याची दया येऊ द्या. खंडू एकटा, त्यात म्हातारा. आणि तुझं हे एवढं धूड उतारावर सुटलं, तर त्या बिचाऱ्यानं आवरायचं कसं?