फुलं हातातच राहिली

माझं माहेर चिंताकी. मी परकर नेसायच्या वयाची व्हते तवा बापानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, घरातले देव टोपलीत घातले अन् मांजरा नदीत सोडून आला. माय रडली, पण शब्दाबाहेर गेली न्हाई. नवरा मिळाला तो बी तसलाच पक्का, नौबादचा, सुतारकाम करणारा. असं आमचं घर बघा, अन् त्या घरात लेक जन्मली ती नाचणारी.

सुजाता तिचं नाव. पलीकडच्या गल्लीत एक अक्का व्हत्या, लिंगायत घरच्या, पोरींना भरतनाट्यम शिकवायच्या. ही खिडकीला लोंबकळून बघायची, तर अक्काच म्हणल्या, आत ये गं. आता त्या नाचाची रीत अशी की आधी नटराजाच्या मूर्तीला फुलं व्हायची, डोकं टेकायचं, मग पाय उचलायचा. नवरा म्हणला, नाच शीक, पण मूर्तीपुढं वाकायचं न्हाई. मला वाटलं संपलं. पर अक्का भली बाई, म्हणल्या ऱ्हाऊ द्या अण्णा, तिनं नुसता भुईला नमस्कार करावा, भुई सगळ्यायचीच हाय. लई वरसं तसंच चाललं.

मग तिची निवड झाली. सरकारकडून पोरी रशियाला जायच्या व्हत्या नाचायला, तालीम बेंगळूरला. काय सांगू तुम्हाला बाई, मी जनवाड्याला नणंदेकडं पायी जाऊन सांगून आले! अन् थोड्याच दिवसांत पोर घरी, तोंड उतरलेलं. पहिल्याच नाचात तिलाच पुढं ठिवलेलं, स्टेजवरच्या मूर्तीला फुलं व्हायची, माथा टेकायचा. म्हणली, अप्पा, सोंगच की ते, मी सीता झाले तर खरंच सीता व्हते का? नवरा जेवला न्हाई. एकाच फळीवर रंधा मारत बसला, मारत बसला. मग म्हणला, जा. तुझं डोकं, तुझा इचार. ते म्हणताना त्या माणसाचं काय झालं आसंल, मला ठाव.

ती गेली. बड्या लोकांपुढं शेवटची तालीम, ही फुलं घेऊन मूर्तीपतूर गेली अन् वाकलीच न्हाई. वाजवणारे वाजवायलेत, गाणारी बाई तीच ओळ परत परत म्हणायलीय, अन् ही उभी. मागून मला म्हणली, माय, मी वाकायलाच गेल्ते गं, अंगच वाकलं न्हाई. तिच्या जागी दुसरी पोर रशियाला गेली.

वस्तीतल्या लोकायनी तिचा सत्कार ठिवला, पोरीनं मान राखला म्हणून. ती दार लावून बसली. मी नवऱ्यावर लई भडकले, असं कामून घडवलं तुमी लेकराला? तो म्हणला, मी तर जा म्हणलं व्हतं. व्हय, म्हणलं व्हतं. मग दोष कुणाला देऊ मी?

आता ती गुलबर्ग्याला शाळेत शिकवायलीय, जावई चांगला हाय. सुट्टीत येती तवा बाप हट्ट करतो, थोडं नाच की गं माय, बघू दे मला. ती हसती अन् म्हणती, कंबर धरती अप्पा. सुखात ऱ्हावं लेकरानं, माझं दुसरं मागणं न्हाई. पर अजून तिशी लागली न्हाई वो बाई तिला, कसली कंबर धरती?