तांब्याभर पाणी

(१९५८ सालचा उन्हाळा. आकुर्डीतील एक घर. पुण्याहून येणाऱ्या परिचारिका इंदुताई सातव्या महिन्यातल्या हौसाला तपासून उठल्या आहेत. सासू रुक्मिणीबाई हातात वाटी घेऊन उभी आहे.)

रुक्मिणीबाई : म्हून म्हनते, तुमीच सांगा तिला. एरंडेल घेतलं की सकाळपावतर पोट मोकळं. पन तोंड मिटून बसती.

इंदुताई : ती वाटी आधी खाली ठेवा. या महिन्यात एरंडेल पोटात गेलं, तर वेळेआधी कळा सुरू होण्याचा धोका असतो.

रुक्मिणीबाई : मग करावं काय? पोट दगडावानी झालंय. काल कुंथून कुंथून रगत पडलं. म्या भ्याले, म्हनलं लेकराचंच काई झालं.

इंदुताई : बाळाचे ठोके चांगले आहेत. रक्त मूळव्याधीचं आहे. गरोदरपणात आतडी मंदावतात, हा त्रास पुष्कळजणींना होतो. पण इतका नाही. हौसा, दिवसभरात पाणी किती पितेस?

हौसा : पिते की.

इंदुताई : जीभ तर सुकलेली आहे तुझी.

रुक्मिणीबाई : भाजीला बी शिवत न्हाई. मेथी केली, तर ताटातली नेऊन म्हशीला घातली. डोहाळे, दुसरं काय.

इंदुताई : हे डोहाळे वाटत नाहीत मला. हौसा, खाल्लं-प्यायलं की बाहेर जावं लागेल, म्हणून?

हौसा : जायचं कुठं, ताई?

इंदुताई : आजवर कुठं जात होतीस?

हौसा : ओढ्याकाठच्या शेवरीच्या झाडीत. समद्या बाया तिथंच. तिथं आता कारखान्याची भिंत झाली. ह्यांनीच बांधली, गवंड्याच्या हाताखाली. घरी येऊन सांगायचे, आज एवढी वर गेली. मी भाकरी वाढायची.

इंदुताई : भिंतीच्या अलीकडे जागा असेल ना?

हौसा : राखणदार बॅटरी मारतो. बाई दिसली की मुद्दाम. म्हून अंधारात सडकेपलीकडं जायचं, शेजारच्या अंबूबाई निघाल्या तर. त्या न्हाई निघाल्या, तर न्हाई. बसलं की ट्रकाचा उजेड येतो. मला चटकन उठवत न्हाई आता. आलेलं बी परत जातं.

रुक्मिणीबाई : म्हून पानी सोडलंस व्हय? बोलली का न्हाईस?

हौसा : बोलले असते तर गुडघा धरून तुमीच सोबत निघाला असता, आत्याबाई. मागं सोबत आला, तवा पडला होता.

इंदुताई : परसात खड्डा खणून, भोवती बारदानाचा आडोसा केला तर?

रुक्मिणीबाई : भिंत झाली तवाच मालकांना म्हनलं. तिकडं देवघर हाय, घान नको म्हनले. म्हशीचा उकिरडा तिथंच हाय. त्यो चालतो.

इंदुताई : तुमच्या मालकांशी, दौलतरावांशी, मी बोलू का?

रुक्मिणीबाई : तुमच्यासमोर व्हय म्हनतील. तुमी मोटारीत बसला की झालं.

हौसा : ताई, पाणी न पिता बरं वाटंल असं काई द्या.

इंदुताई : तसं औषध नाही, हौसा. असतं तर दिलं असतं.

रुक्मिणीबाई : म्या बी दुपारनंतर पानी पीत न्हाई.

हौसा : तुमी?

रुक्मिणीबाई : भिंत झाल्यापासनं. चहा बी अर्धाच घेते. तुला वाटलं, म्हातारी साखर वाचवती.

इंदुताई : रुक्मिणीबाई, हे तुम्ही मलाही कधी सांगितलं नाहीत.

रुक्मिणीबाई : तुमी पोटुशीला बघाया येता, बाई. म्हातारीला कोन इचारतंय. निघा आता, मोटार चुकंल. हौसा, हे एरंडेल दिव्यात वत. आन माठातनं तांब्या भरून आन.

हौसा : आत्ता प्यायले तर सांजच्याला लागंल, आत्याबाई.

रुक्मिणीबाई : लागू दे. मालक घरात असताना लागू दे. कुदळ मी दाराशी आणून ठेवते.

हौसा : आन मामंजी न्हाई म्हनले तर?

रुक्मिणीबाई : तांब्या दे इकडं. आधी मी पिते.