बोंबलांचा हिंगोली मुक्काम

२००४ साली गावच्या तळ्यातली मासेमारी बंद झाली, आणि तसं काही झालंच नाही असा चेहरा करून मच्छीमार सोसायटीचे चेअरमन जळबा औंढ्याच्या स्टँडवर सेक्रेटरी भीमराजजवळ बसले. मागच्या बाकावर गावातलीच सपना बसली होती; तिची बस लागली होती, पण दोघांचं बोलणं ऐकण्याच्या नादात ती उठली नाही.

“वाच भीमराज, काय लिवलंय लॅबवाल्यांनी?”

“समुद्रातल्या फिरत्या माशांची जनुकं तपासायची होती, काका. दर जिल्ह्यानं नमुने पाठवायचे.”

“आपण निरंक लिवलं होतं की.”

“निरंक चालत न्हाई म्हणून परत आलं. मंग तुमीच बाजारातून सुके बोंबील आणून दिले.”

“चांगले निवडून आणले होते.”

“ते गुजरातच्या किनाऱ्यावरचे निघाले. म्हंजे तिथून पोहत आपल्या तळ्यात येऊन राहिले.”

“मेहनती जात हाय.”

“वर जनुकांवर उन्हाच्या अन् मिठाच्या खुणा सापडल्या. हिंगोलीत माशायला लई तकलीफ होती, असा शेरा हाय.”

“वाळवल्यावर व्हणारच.”

“म्हणून त्यायला विसावा द्यायला तळं तीन वर्षं बंद.”

“अन् आपल्या चाळीस घरांनी काय खायचं?”

“त्याचा रकाना न्हाई.”

“बाजारातले होते म्हणून कळव.”

“तळ्यातलेच, असा दाखला तुमच्या सही-शिक्क्यानं गेलाय. खोटा निघाला तर सोसायटीच जाईल.”

जळबांनी खिशातलं पेन काढून भीमराजपुढं धरलं.

“मंग कागद काढ. लिव: महोदय, सदर माशांनी यंदापासून परभणीमार्गे जावे, असे आदेश त्यांना आपल्या स्तरावरून देण्यात यावेत, ही नम्र विनंती.”