पाणी गार नाही

विबेके : ‘ये गं, पाणी गार नाहीये!’ याच धक्क्यापाशी ओरडला होतास तू. मी एकविशीतली, अंगावर नुसता टॉवेल, दातावर दात आपटतायत, आणि तू गळाभर पाण्यात. तो आवाज अजून कानात आहे माझ्या.

टॉर्किल : आज एकदम ते कुठून आठवलं?

विबेके : विश्वास ठेवून उडी मारली मी. बर्फाचे तुकडे तरंगत होते, टॉर्किल.

टॉर्किल : आलीस तर खरी. आणि राहिलीससुद्धा. ते लाकूड सरकव इकडे. एगोन यायच्या आत ही सॉनाची खोली तापली पाहिजे.

विबेके : एगोनचंच बोलायचंय. सकाळी बेकरीत त्याची गुड्रुन भेटली. माझे दोन्ही हात धरले, डोळ्यांत पाणी, आणि म्हणते, ‘किती आनंद झाला गं तुम्हां दोघांसाठी.’ मागे रांगेत पाद्रीबाई उभ्या. माझ्या हातात वेलचीचे पाव. मी आपलं म्हटलं, कशाबद्दल?

टॉर्किल : सॉनातलं बोलणं बाहेर न्यायचं नाही, असा नियम आहे इथे.

विबेके : नियम इथे उघडे बसलेत तोवरच. घरी गेले, कपडे घातले की सांगतात बायकोला.

टॉर्किल : काय म्हणाली ती?

विबेके : की सुईने गुण आला. पोटाची चरबी काढली, त्यातल्या पेशी नेमक्या जागी टोचल्या, आणि आमचा टॉर्किल पुन्हा पहिल्यासारखा. तूच सांगितलंस म्हणे, या बाकावर बसून. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

टॉर्किल : टाळ्या नाही. एकाने पाठीवर थाप मारली, बस.

विबेके : आणि तू ती घेतलीस.

टॉर्किल : कोपनहेगनचे पाहुणे सोडले तर इथे लाजतं कोण? सगळे उघडे बसतात. पण माझा प्रोस्टेट काढल्यापासून प्रत्येकाची नजर एकदा खाली जाते आणि मग घाईने चुलीकडे वळते. कॅन्सर गेला, जीव वाचला, आणि मागे ही एक मेलेली वस्तू राहिली, असं सगळ्यांना ठाऊक. दोन हिवाळे सोसलं ते. मग कुणीतरी विचारलं, तुझ्या त्या सुईच्या प्रयोगाचं काय झालं? निघून गेलं तोंडातून. आणि अगदीच खोटं कुठे होतं? ती एप्रिलमधली सकाळ होती की नव्हती?

विबेके : होती.

टॉर्किल : मग?

विबेके : एक सकाळ, टॉर्किल. पण गुड्रुनचं अजून संपलं नव्हतं. एगोनचं ठरलंय. सोमवारी त्याच्याही प्रोस्टेटचं ऑपरेशन.

टॉर्किल : तो तर थांबणार होता. गाठ बारीक आहे, नुसतं लक्ष ठेवलं तरी चालेल, असं डॉक्टर म्हणाले होते त्याला.

विबेके : दोन्ही वाटा चालतील, तुम्ही ठरवा, असं म्हणाले होते. तो थांबायचं म्हणत होता ते चाकूच्या भीतीने नव्हे, नंतरच्या. आता म्हणतो, टॉर्किलचं परत आलं तर माझंही येईल, एकदाचं कापून मोकळा होतो.

टॉर्किल : मला बोलला नाही हे.

विबेके : आज बोलेल. बहुतेक मिठीच मारेल तुला. तयारीत राहा.

(टॉर्किल चुलीत लाकूड घालतो आणि दार उघडंच ठेवून आगीकडे बघत बसतो.)

विबेके : दार लाव. धूर होतोय.

टॉर्किल : गेल्या आठवड्यात इस्पितळवाल्यांनी सांगितलं, कुणाला काय टोचलं होतं ते.

विबेके : तू तर म्हणालास, नुसतं रक्त तपासलं.

टॉर्किल : अर्ध्या लोकांना पेशी, अर्ध्यांना मीठपाणी. चरबी मात्र सगळ्यांचीच काढायची, म्हणजे कुणाला संशय नको. टोचणाऱ्यालाही कळत नाही तो काय टोचतोय. सिग्ने म्हणून नर्स आहे तिथे, सदा धावपळीत. त्या दिवशी खुर्ची ओढून शेजारी बसली. नर्स बसली की समजून घ्यावं.

विबेके : मीठपाणी?

टॉर्किल : मीठपाणी. बाहेर अख्खा समुद्र पडलाय त्याचा, आणि मी बावळट ट्रेनने जात होतो.

विबेके : हसू नकोस असा.

टॉर्किल : हसत नाहीये.

विबेके : मग ती एप्रिलमधली सकाळ कुणाची?

टॉर्किल : देवाला ठाऊक.

विबेके : मला ठाऊक आहे. इतकी वर्षं आपल्या दोन रजया, सगळ्यांच्या घरी असतात तशा. पण माझे पाय कायम तुझ्या रजईत. इस्पितळातून आलास आणि सुरवंटासारखा स्वतःला गुंडाळून घेतलंस, तोंड भिंतीकडे. मी कड चाचपायचे, ती तुझ्या अंगाखाली दाबलेली. त्या सकाळी तू कड उचललीस आणि म्हणालास, ‘आण इकडे तुझे बर्फाचे गोळे.’ मी रडले, आठवतं? तुला वाटलं, त्या दुसऱ्या गोष्टीसाठी.

टॉर्किल : नव्हतं?

विबेके : तेही झालं, बरं वाटलं, खोटं का बोलू. पण रडले ते पायांसाठी. तुला आत कापत होते ना, तेव्हा मी बाहेर बसून आजीचं गाणं गुणगुणत होते. होड्या उशिरा आल्या की तिच्या बेटावरच्या बायका म्हणायच्या,
दर्या रे दर्या, जाळं ठेव तुला,
शीड ठेव, मासळीची रास ठेव तुला,
ओला का होईना, माणूस दे मला.
त्यात बाकी काही मागितलेलं नाही रे.

टॉर्किल : हे आजवर का नाही बोललीस?

विबेके : तू एवढ्या आशेने गाडीत बसायचास. ‘नको जाऊस’ म्हटलं असतं, तर तुला वाटलं असतं, हिने मला टाकूनच दिलं.

टॉर्किल : सिग्नेने विचारलं होतं, बायको काय म्हणते? मी म्हटलं, वाट बघतेय.

विबेके : बघतच होते. रजईच्या कडेला.

टॉर्किल : एगोनला सांगितलं, त्याने ऑपरेशन टाळलं आणि गाठ वाढली, तर?

विबेके : ते तो आणि त्याचे डॉक्टर बघतील. कापायचं तर कापू दे, थांबायचं तर थांबू दे. पण तुझ्या फुशारकीवर नको.

टॉर्किल : मग पुन्हा सगळे चुलीकडे बघणार.

विबेके : बघू देत. ऐक, धक्क्याच्या फळ्या वाजतायत. एवढे जड पाय त्याचेच. मी बाहेर थांबते.

टॉर्किल : नको. इथेच बस.

एगोन : अरे वा, राजाराणी आधीच हजर! विबेके, जरा कान झाक, पुरुषांचं बोलणं आहे. टॉर्किल, म्हाताऱ्या, बाटली आणलीय बघ तुझ्यासाठी. सोमवारी जातोय मी. गुड्रुन म्हणते, टॉर्किलने तुला माणसात आणलं. खरंच सांगतो, तू नसतास तर माझी छाती झाली नसती. चल, आधी एक बुडी मारू. पाणी कसंय आज? फार गार नाही ना?

टॉर्किल : गार आहे, एगोन. फार गार. ये, माझ्याजवळ बस. मला गुण आलेला नाही.