वरच्या वाडीतली सहा माणसं

सरका मंडळी, पुढे सरका! टाळ जरा थांबवा. आज आधी विचारतो — आभार मानायचे ते कुणाचे? आपलं काम झटपट उरकून देणाऱ्याचे? की उरकलेल्या कामातली चूक तोंडावर दाखवणाऱ्याचे?

दुसऱ्याचे म्हणता? खरं सांगा! चूक दाखवणाऱ्याला तुम्ही चहा तरी विचारता का?

मग ऐका!

चिपळुणात एक दुकान. दम लागणाऱ्या माणसांच्या घरी ऑक्सिजनचं यंत्र नेऊन लावायचं, नाकाला नळी जोडून द्यायची — हा धंदा. मालक दिगंबरशेठ पाटणे. काउंटरवर बावीस वर्षं शालनताई गुरव. आणि सगळे ग्राहक? पत्र्याच्या डब्यात! चारशे बारा कार्डं, ताईंच्या अक्षरातली.

एका सकाळी कंपनीचा निरोप — काही यंत्रांत बिघाड निघालाय, चालता चालता बंद पडतील. ग्राहकांची यादी उद्या दुपारी बारापर्यंत संगणकावरून पाठवा. यादीत असेल त्याला आम्ही फोन करू, यंत्र बदलून देऊ.

यादीत असेल त्याला! आणि नसेल त्याला?

शेठ म्हणाले, "शालनताई, सीआरएम घेतलंय. ग्राहकांची संगणकातली वही समजा. त्यात एआय एजंट आहे. तुम्ही नुसतं बोलायचं, तो लिहिणार."

"माझं ऐकेल?"

"घरात कुणी ऐकतं का? मग हा तरी ऐकेल!"

बसल्या ताई. एकेक कार्ड हातात, तोंड संगणकाकडे —

नाव, धोंडू मांडवकर! वय इतकं! गाव, वरची वाडी! फोन अमुक! यंत्र तमुक!

"नोंद झाली."

पुढचं नाव! पुढचं गाव!

"नोंद झाली."

पेटीवाले, हसू नका! आपलं नामस्मरण याहून वेगळं असतं का? तोंड चालू — लक्ष प्रसादाच्या वासाकडे!

तशात एजंट अडला. "हा फोन नंबर धोंडू मांडवकर यांच्या नोंदीत आहे. तीच नोंद बदलू, की वेगळी नवी करू?"

ताईंना वाटलं, आपणच काहीतरी दोनदा वाचलं. "बदल रे बाबा, बदल!"

बदलली. पुन्हा तोच प्रश्न. "बदल!" पुन्हा. "अरे, किती विचारशील? बदल!" पाच वेळा!

दुसऱ्या दिवशी अकराला डबा रिकामा. ताईंनी हात झटकले. तर एजंट म्हणतो, "कार्डं चारशे बारा वाचलीत. नोंदी चारशे सात आहेत. एकाच नोंदीवरचं नाव पाचदा बदललं गेलं. वयं वेगळी होती, यंत्रांचे क्रमांक वेगळे होते — मी तेव्हाच नीट सांगायला हवं होतं. पाठवण्याआधी बघाल का?"

ताईंनी डबा पुन्हा पुढे ओढला.

शेठ घड्याळाकडे बघत म्हणाले, "पाचच ना? नंतर घालू. धाडा यादी!"

"पाच नव्हेत, शेठ." ताईंनी त्या नंबरची, यादीतून पुसली गेलेली कार्डं काढली. "धोंडू मांडवकर. सखू घाणेकर. तान्या रेवाळे. मैनाबाई गोताड. शिवराम पड्याळ. या प्रत्येकाच्या नाकात नळी मी लावून आलेय."

शेठनी फोन पुढे सरकवला!

ताईंनी तो नंबर फिरवला. पलीकडे भागीरथीबाई कदम — त्या नोंदीवर शेवटी उरलेलं सहावं नाव.

"अगो बाय, सगल्यांचा माझाच नंबर! वाडीत रेंज येते ती माझ्याच अंगणात. फोन आला की मी हाका मारते!"

ताईंनी पाचही नोंदी नव्याने सांगितल्या. सावकाश. चेहरा आठवून एकेक नाव. खाली शेरा — भागीरथीबाईंना सांगा, त्या बोलावून आणतील. बाराला पाच मिनिटं कमी असताना यादी गेली. चारशे बारा!

तिसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस वाडीत पोचला. धोंडूआबांचं यंत्र उघडलं — आतला भाग काळा पडत आलेला. आणखी दोन दिवस चाललं असतं की नसतं!

संध्याकाळी दुकानात फोन. आबांना खुर्चीसकट उचलून अंगणात आणलं होतं.

"ताई... धोंडू बोलतोय... कंपनीचा माणूस म्हणाला... धोंडू मांडवकर आहेत का... फोनवर माझं नाव घेऊन... कुणी विचारलंच नव्हतं कधी... देव तुमचं भलं करो."

ताईंनी डोळे पुसले, आणि संगणकाला म्हणाल्या, "बाबा रे, आबा सुखरूप आहेत. तुझे आभार."

शेठ हसले. "त्याला काय कळतंय?"

"त्याला कळो न कळो, शेठ. माझ्याकडून मानायचे राहायला नकोत."

मंडळी! आता खिशातले फोन काढा. काढा, देव रागावत नाही! काय लिहिलंय आत? गॅसवाला. रद्दीवाला एक, रद्दीवाला दोन. पोळ्यांच्या बाई — नऊ वर्षं त्यांच्या हातचं खाताय, आणि नाव?

उद्या त्या आल्या की दारात उभं राहून विचारा — बाई, तुमचं पूर्ण नाव काय? त्यांच्यासमोर लिहा. मग या इथे, देवाचं नाव घ्यायला. तोवर तो थांबेल!