सावंतांचा रॉटवायलर

कुत्र्याच्या जातीचा विषय काढलात, म्हणून आमच्या परळच्या चाळीतल्या सावंतांचं सांगतो. बायको गेल्यावर त्यांनी रॉटवायलर पाळला. नाव बाळू, देह रेड्याचा. लोकांनी भीतीने त्यांच्याकडे जाणंच सोडलं.

मी म्हटलं, "सावंत, ही जात मूळची खाटकांची गुरं हाकणारी. चावण्यापेक्षा अंगाने ढकलते. लोकांना सांगा तसं."

"लोकांचं सोडा हो. मी मेल्यावर शेवटपर्यंत चार माणसं तरी येतील का?"

गेल्या महिन्यात सावंत गेले. माणसं जमली, चाळ रीत मोडत नाही. पहिल्या नाक्यावरून हळूच घरी सटकायचं, हीसुद्धा रीतच. प्रेतयात्रेच्या मागे बाळू चालत होता. नाक्यावर शेजारचे परब वळले, तसं त्याने कुशीने रेटून त्यांना पुन्हा घोळक्यात आणलं.

"अहो, मला ऑफिस आहे!" परब कळवळले.

"मला काय सांगता? त्याला सांगा."

स्मशानापर्यंत एकही माणूस गळला नाही. सावंतांना तेवढं बघायला मिळालं नाही.

आता चाळीतले आम्ही सगळे म्हातारे बाळूला आळीपाळीने बिस्किटं घालतो.