आहे, पण घरी आहे

नाही, पण मला एक सांगा, डिकी कशासाठी असते? सामान ठेवायला, बरोबर? मग माझ्या डिकीत काय निघालं माहितीये? एक छत्री, तीही काडी मोडलेली, आणि एक चप्पल... एकच हो, डाव्या पायाची! कोणाची, ते घरात अजून कोणी कबूल करत नाहीये. बस, संपलं. मोठ्या रस्त्याच्या कडेला गाडी अशी तिरकी उभी, मागचं चाक पार जमिनीला टेकलेलं, मी डिकीत कमरेपर्यंत आत, आणि पाठीमागून आमची ही विचारतेय, "अहो, जॅक नाहीये का?" आता नाही कसा? गाडीबरोबर मिळालेला जॅक तो, जाईल कुठे? आहे. पण घरी आहे.

तुम्ही म्हणाल, हा माणूस निष्काळजी. अजिबात नाही! तुम्हाला सांगतो, आमच्या अख्ख्या गल्लीत माझ्याइतकी गाडीची काळजी कोणी घेत नाही. दर रविवारी धुतो, स्वतः, पायजमा गुडघ्यापर्यंत वर करून. काचा पेपरने पुसतो. टायरला काळं पॉलिश लावतो. हो, टायरला! आता त्या पॉलिशखाली टायर टक्कल पडल्यासारखा गुळगुळीत झालाय, हे मला कसं दिसणार? ऑफिसातला माझा शेजारी कधीपासून सांगत होता, "अरे बाबा, हवा बघत जा, बोनेट उघडून ऑइल बघत जा, नुसतं चोळून काय होतं?" मी म्हणायचो, गाडी बघ कशी चमकते. चमकत होती हो! रस्त्याच्या कडेला बंद पडली तेव्हासुद्धा चमकत होती. जाणारे-येणारे माझ्याकडे बघत होते ना, ते आधी गाडीकडे कौतुकाने बघायचे आणि मग चाकाकडे.

आणि दिवस कुठला? आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनचा. हसू नका, इथं हसण्यासारखं काही नाहीये. आईचा एक डोळा आधीच गेलाय, त्याला आता काही करता येत नाही. उरला दुसरा, त्यात मोतीबिंदू इतका पिकलेला की ती मला खोकण्यावरून ओळखायची. मी खोकलो नाही तर "कोण आहे?" विचारायची. पोटच्या पोराला! रात्रंदिवस मला त्याचाच घोर लागलेला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आता आणखी लांबवलंत तर मग माझ्या हातात काही राहणार नाही. पण आई घाबरलेली. किती महिने आम्ही मागे लागलोय, ही काहीतरी काढतेच. आज अंगात कसकस आहे, आज सांधे धरलेत, आज मनाला बरं वाटत नाही. शेवटी एकदाची हो म्हणाली, तेही कसं? "आज नेत असाल तर न्या, आज नाही झालं तर पुन्हा मला विचारायचं नाही." आणि ती बोलली की बोलली. वडील होते तेव्हा तेसुद्धा तिच्या शब्दाला घाबरायचे.

तर अशा दिवशी, तुम्हाला सांगतो, गाडी डुगडुगली, मागून फटफट फटफट आवाज आला, मी कशीबशी कडेला घेतली. आणि मागच्या सीटवरून आईचा आवाज, एकदम प्रसन्न! किती दिवसांत इतका मोकळा आवाज ऐकला नव्हता मी. "पंक्चर का रे? जाऊ दे. चला, घरी जाऊ."

घरी जाऊ! कशाने जाऊ?

मी उतरलो. म्हटलं घाबरायचं काय त्यात, चाक बदलू. मला येतं चाक बदलता, बरं का. डिकीतलं कार्पेट उचललं, खाली स्टेपनीचा खड्डा... नुसता खड्डा! आणि मग मला आठवलं. स्टेपनी आहे. पण घरी आहे.

आता ही स्टेपनी घरी कशी गेली, ते ऐका. हे काही एका दिवसात झालेलं नाही हो. घर हळूहळू डिकी खात गेलं. पहिला गेला जॅक. फ्रिजचा एक पाय मोडला, फ्रिज डुगडुगायला लागला, मी म्हटलं तात्पुरता जॅक लावू. तात्पुरता! तो तिथंच राहिला, आणि काय सांगू, इतका छान बसलाय की फ्रिज हवा तेवढा वर-खाली करता येतो. मग गेली गाडी ओढायची ती नायलॉनची जाड दोरी. हिची कपडे वाळत घालायची दोरी तुटली, ही म्हणाली, "गाडीत नुसती पडलीये, तेवढीच उपयोगी पडेल." पान्याने बाथरूमचा नळ उघडतो, कारण त्याची चावी निघून आलीये. बॅटरी, म्हणजे उजेडाची, ती मीटरच्या खाली खिळ्याला टांगलेली. आणि तो लाल त्रिकोण असतो ना, बंद पडलेल्या गाडीच्या मागे ठेवायचा, चमकतो तो? तो आमच्या बाथरूमच्या दाराला. कडी लागत नाही आतून. त्रिकोण लावलेला असला की समजायचं, आत माणूस आहे. पाहुणेसुद्धा आता शिकलेत.

आणि स्टेपनी... स्टेपनी आईची बैठक आहे. आईचे गुडघे दुखतात. खुर्ची उंच पडते, पाटावर बसलं की उठता येत नाही. स्टेपनी बरोबर मध्ये! बाल्कनीत आडवी ठेवली, वर गोल फळी, वर गादी, वर हिने शिवलेला फुलाफुलांचा अभ्रा. आई सकाळ-संध्याकाळ तिथं बसते, रस्त्याकडे तोंड करून. काही दिसत नाही हो, तरी बसते. आवाज ऐकते. जो तो म्हणायचा, वा, काय सुंदर बुटका मोडा आहे बसायला, कुठून घेतलात? आणि आईला आम्ही कधी सांगितलंच नाही, की हे गाडीचं चाक आहे. तिला वाटलं, पोराने हौसेने बनवून घेतलं. तिला तसं वाटू दिलं मी, काय करणार?

बरं, मी घरी मुलीला फोन लावला. म्हटलं, बेटा, आजीचा मोडा घेऊन ये पटकन. म्हणाली, "आणते बाबा, पण कशात आणू? गाडी तर तुमच्याकडे आहे." रिक्षात घालून आण म्हटलं, पाना आण, जॅक आण. म्हणाली, जॅक काढला तर फ्रिज आडवा होईल. मी म्हटलं होऊ दे! ती म्हणाली, "आईला विचारा." आई, म्हणजे आमची ही, माझ्या शेजारीच उभी. ती म्हणाली, "अहो, कालच सगळं दूध भरून ठेवलंय." तुम्हीच सांगा, माणसाने काय करावं?

टॅक्सी थांबवायला हात केले. भरलेल्या सगळ्या! एक रिकामी आली, ती चमकणाऱ्या गाडीकडे बघून पुढे गेली. त्याला वाटलं असेल, ह्याला कशाला टॅक्सी. मेहुण्याला फोन केला, तो म्हणाला, "दाजी, तुमच्यासाठी जीव द्यायला तयार आहे," आणि तो शहरातच नव्हता. तिकडे डॉक्टरांची वेळ जवळ येतेय, आणि आई आत बसून पिशवीतली बिस्किटं काढतेय. म्हणजे, ऑपरेशनच्या आधी काही खायचं नाही, हे तिला पन्नासदा सांगितलेलं! आमची ही धावली, पुडा काढून घेतला. आई म्हणाली, "आता कशाला उपाशी ठेवता? आता काही आपण जात नाही." आणि तेव्हा, खोटं नाही सांगत, मी गाडीच्या टपावर डोकं टेकलं. म्हटलं, गेला हा डोळा. एका जॅकसाठी, एका दोरीसाठी, माझ्या आईचा डोळा गेला.

आणि तेवढ्यात एक गाडी आली. हळू. इतकी हळू की आधी वाटलं तीही बंद पडतेय. डोक्यावर पाटी, ड्रायव्हिंग स्कूल! बाजूला शिकवणाऱ्या बाई, आणि चालवायला एक गृहस्थ, माझ्याच वयाचे, स्टिअरिंग दोन्ही हातांनी असं आवळून धरलेलं की जणू कोणी ते पळवून नेतंय. थांबली. थांबली म्हणजे तीन धक्के देऊन थांबली. मी धावत गेलो, सगळं सांगितलं. आणि त्या बाईंनी काय करावं? त्या गृहस्थांना खाली उतरवलं आणि माझ्या गाडीपाशी धडाच घेतला! "हे बघून ठेवा काका. महिन्यातून दोनदा हवा बघायची, स्टेपनीतलीसुद्धा. टायरच्या खाचा बोटाने चाचपायच्या. जॅक, पाना, त्रिकोण, दोरी, सगळं जागेवर. नाहीतर असं होतं." आणि 'असं' म्हणताना बोट गाडीकडे नाही हो, माझ्याकडे. काका मान डोलावतायत. मीही डोलावली. दुसरं काय करणार?

बाईंनी स्वतःची स्टेपनी देऊ केली, पण तिचं माप वेगळं. मग म्हणाल्या, आजींना आम्ही सोडतो, वाटेतच आहे. माझा जीव भांड्यात पडला. मी म्हटलं, बाई, तुम्ही चालवाल ना? त्या म्हणाल्या, "तास काकांचा आहे." आता बोला!

आईला धरून नेलं, आमची ही शेजारी बसली. आई विचारतेय, "कोणाची गाडी रे? चांगली चालवतो का?" मी दार लावून घेतलं. आणि मला मागेच थांबावं लागलं, कारण आमची गाडी अर्धी रस्त्यावर, मागून ट्रक येतायत आणि त्रिकोण बाथरूमला. म्हणून हिची लाल शाल घेतली आणि उभा राहिलो, गाडीच्या मागे, हात वर करून. त्रिकोण मीच झालो, तुम्हाला सांगतो! एक ट्रकवाला थांबून विचारतो काय, "सत्याग्रह कशासाठी?"

तिकडे काय झालं ते हिने नंतर सांगितलं. काकांनी प्रत्येक चौकात गाडी बंद पाडली. एकदा फूटपाथवर चढवली. एकदा वळायचं होतं उजवीकडे आणि चालू केले वायपर. आईने हिचा हात असा धरला की बांगड्या रुतल्या. तिला काही दिसत नव्हतं ना, नुसते आवाज! ब्रेक, हॉर्न, बाईंचं "काका, काका, काका!" हॉस्पिटलच्या दारात गाडी थांबली, तर आई कोणाची वाट न बघता स्वतः उतरली, दाराची चौकट चाचपत आत गेली आणि नर्सला म्हणाली, "कुठे झोपायचं ते सांगा. काय सुया घालायच्यात त्या घाला. पण त्या गाडीत मी परत बसणार नाही."

झालं ऑपरेशन. अगदी वेळेत. मी संध्याकाळी, उसना जॅक नि उसनं चाक लावून पोचलो, तोवर आई पट्टी बांधून शांत झोपलेली. मी बाहेर बाकावर बसून रडलो, सरळ सांगतो, त्यात लाजायचं काय?

पट्टी निघाली, तेव्हा मी समोर उभा होतो. खोकलो नाही मुद्दाम. आईने बघितलं, बघतच राहिली, आणि म्हणाली, "अरे, किती पांढरा झालास तू." एवढंच. पुढे किती वेळ तिने माझा हात सोडला नाही.

मग घरी आलो. आई घरभर हिंडली, एकेक वस्तू डोळ्याजवळ घेऊन बघितली. फ्रिजखाली वाकली. दोरी बघितली. त्रिकोण बघितला. बाल्कनीत गेली, बसण्याआधी सहज अभ्रा उचलला, फळी सरकवली... आणि मला हाक मारली. अशी हाक मी शाळेत असताना ऐकली होती.

"हे चाक आहे?"

"हो आई."

"ह्यावर मी बसत होते, आणि तू तिकडे रस्त्यावर?"

पुढचं सांगत नाही. त्याच दिवशी सगळं डिकीत गेलं. सगळं! आई स्वतः वर बाल्कनीत उभी राहून बघत होती, बोट दाखवत होती, ते राहिलं, ते राहिलं. आता फ्रिज भिंतीला टेकून उभा आहे. बाथरूममध्ये जाणारा माणूस आत गाणं म्हणत बसतो. कपडे खुर्च्यांवर वाळतात. पण गाडी? गाडी तयार! हवा बघितलेली, ऑइल बघितलेलं, चारही टायर नवे.

फक्त आईला बसायला जागा उरली नाही. दोन मोडे आणून बघितले, एक उंच, एक मऊ. म्हणाली, "त्या चाकासारखं नाही." आणि आता दिसायला लागलंय, सगळं बघायचंय तिला, येणारा-जाणारा प्रत्येक माणूस. तर काय करते? सकाळी चहा झाला की किल्ली घेते, खाली जाते, पुढच्या सीटवर बसते, काच खाली करते आणि बघत बसते. संध्याकाळी परत. रेडिओ लावते, आतला दिवा लावते. बॅटरी उतरेल म्हटलं, तर म्हणते, "दोरी आहे ना डिकीत? घ्या ओढून." मी ऑफिसला बसने जातोय हल्ली.

काल मावशी आली, आईला बघायला, खास. दारात उभी, आत डोकावते, विचारते, "ताई नाहीये का घरी?"

मी काय सांगणार? म्हटलं, आहे ना मावशी... आहे. पण गाडीत आहे.